सर्जाच्या शिंगांना बेगड

बेगड हा शब्द आमच्या घरात वर्षातून एकदाच निघायचा, पोळ्याच्या चार-आठ दिवस आधी. बाबा आर्वीच्या बाजारातून पिशवी भरून आणायचे. नवी वेसण, कासरा, शिंगांचा रंग, घुंगुरमाळेचे तुटलेले घुंगरू बदलायला नवे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाल-हिरवं-सोनेरी बेगड, म्हणजे बैलांच्या शिंगांना लावायचा चमकीचा पातळ कागद. २१ ऑगस्ट २०१७ चा पोळा शेवटचा. त्या हंगामानंतर सर्जा-ढवळ्याची बैलजोडी विकली आणि बेगड आणायचं कारणच उरलं नाही.

या मे महिन्यात ते पुन्हा घरात आलं. पोस्टातून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, माझ्या नावानं.

झालं असं, की पुण्याचा भाचा सुटीत आला होता. सहा वर्षांचा. त्याच्याकडे लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आहे, चाकं लावलेला, आणि बैल म्हणजे तेवढाच असा त्याचा समज. भिंतीवरचा फोटो बघून विचारतो, "हे आजोबांचे खरेवाले होते? यांना चाकं नव्हती?" बाबा हसले, पण मला ते लागलं. फोटोला खालून ओल चढत होती, सर्जाचे खूर कधीच गेले होते. म्हटलं, एक जाड पानांचं स्क्रॅपबुक करू, पहिलं पान पोळ्याचं. मी शिवणकाम करते, टिकल्या-लेस-कापडाचे तुकडे यांची घरात कमी नाही. पण शिंगांची ती चमक टिकल्यांनी येत नाही. शोधता शोधता हे गरम ठशांचं हत्यार सापडलं आणि मागवून टाकलं.

खोक्यात निघालं ते दिसायला थेट आपल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंग गनसारखं. ३० वॅट, लाकडी मूठ, ठेवायला पत्र्याचं वाकडं स्टँड. फरक एवढाच, की टोकाला आटे आहेत आणि त्यात पितळी ठसे फिरवून बसवायचे. ठिपका, पान, फूल, चंद्रकोर, एक सपाट गोल, एक सुईसारखं टोक लिहायला. सोबत चमकीचे कागद. चमकीचा कागद कागदावर ठेवायचा, रंगाची बाजू वर, वरून गरम ठसा दाबायचा, तेवढ्याच जागी चमक खाली उतरते. पत्रकावरच्या चित्रात एक बाई हे सगळं हसत हसत करत होती.

मी पहिला ठसा दाबला आणि धूर निघाला.

पान नाही, फूल नाही, पानाच्या आकाराचं भोक. कडा तपकिरी, मधून खालचा पाट दिसतोय. चमकी वितळून ठशाला चिकटलेली, तिचा प्लॅस्टिक जळल्याचा वास. बाबा ओसरीतून आत आले, नाकाला उपरणं.

"काय करून राहिली तू? कागदाले डाग देऊन राहिली काय?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, डाग देणं म्हणजे जनावराला तापल्या लोखंडानं चटका देणं. बैल लंगडायला लागला, पाय आखडला, की जुनी माणसं विळा लाल करून पुठ्ठ्यावर, म्हणजे कमरेमागच्या भागावर, टेकवायची. आमच्या सर्जालाही लहानपणी असा एक डाग दिलेला होता, बाबांच्या बाबांनी. आता जनावरांचे डॉक्टर हे करू देत नाहीत, आणि बरोबरच आहे. पण बाबांना तो वास ओळखीचा वाटला असणार. ते बराच वेळ दारात उभे होते.

दोन दिवस मी असेच कागद जाळले. मग वर्ध्याला कापड आणायला गेले होते, तिथे एका बाइंडिंगच्या दुकानात शिरले. वर्ध्याला थिसिस बांधून देणाऱ्यांना कधी काम कमी पडत नाही, सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजपासून विद्यापीठापर्यंत सगळ्यांची पोरं तिथेच येतात. काळ्या-मरून रेक्झिनच्या पुठ्ठ्यावर ती सोनेरी अक्षरं असतात ना, ती हीच विद्या. दुकानातल्या काकांकडे हातानं दाबायचं जुनं मशीन होतं. पितळेचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, चौकटीत उलटी लावलेली, मागून तापवणारी पट्टी, मध्ये सोनेरी कागद. त्यांनी एक पुठ्ठा ठेवला, दांडा ओढला, मनात काहीतरी मोजलं, सोडला. कागद लगेच सोलला नाही. आधी हाताचा पंजा फिरवला, मग सोलला. अक्षरं अशी धारदार, की बोट लावायला भीती वाटावी.

मी विचारलं, काका, छापखान्याचे जुने खिळे मिळाले तर चालतील का? ते म्हणाले, "शिशाचे असतील तर गरम नका करू, बसून जातील. हे पितळेचेच पाहिजेत." मग माझं जळलेलं पान पाहिलं आणि विचारलं, गन किती वेळ तापवता? मी म्हटलं, पत्रकात दहा मिनिटं लिहिलंय. ते म्हणाले, त्यांचं मशीन शंभर ते दीडशे अंशांच्या मधे चालतं. सोल्डरिंगची गन पूर्ण तापली की साडेतीनशेच्या वर जाते. चमकीच्या पाठीला जी पारदर्शक पट्टी आहे ती पॉलिएस्टरची, ती अडीचशेच्या जरा वर वितळते, कागद त्याच्या आधीच करपायला लागतो. म्हणजे मला पाहिजे होती त्याच्या दुपटीहून जास्त आच मी देत होते.

त्यांनीच एक कागद उलगडून दाखवला. आपल्याला एक पातळ पापुद्रा दिसतो, पण त्यात थर आहेत. वर पॉलिएस्टर, त्याखाली तापलं की सुटणारा मेणासारखा थर, मग रंगाचं लाखेसारखं पाणी, मग ॲल्युमिनियमची वाफ बसवलेला अगदी झिरझिरीत थर, आणि सगळ्यात खाली गरम झाल्यावर चिकटणारा डिंक. सोनेरीत सोनं नावाला नाही. पिवळं लाखेचं पाणी आणि मागे ॲल्युमिनियम, झालं सोनं. बेगडी म्हणतात ते उगाच नाही.

अंश मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. पण तवा किती तापला हे कोणती बाई थर्मामीटर लावून बघते? बोट पाण्यात बुडवून थेंब शिंपडला, थेंब गोळी होऊन नाचत पळाला तर तवा जास्त तापलाय, भाकर करपणार. थेंब जागच्या जागी चर्र करून आटला तर ठीक. ओल्या कापसाच्या बोळ्यानं ठशाला हळूच स्पर्श करून मी हेच केलं. गन तापवायची, बटन बंद करायचं, बोळा लावत राहायचं, चर्र आवाज मऊ झाला की दाबायला सुरुवात. एका तापवणीत पाच-सहा ठसे चांगले येत. सातवा अर्धा उठायचा. मग पुन्हा तापवा.

पहिल्या पानावर काढायच्या तोरणाला चाळीस पानं पाहिजे होती. विचार करा, मी कितींदा बटन दाबलं असेल.

शेवटी गावातल्या वायरमन दादाला सांगितलं. तो म्हणाला, वहिनी, हे तर बल्बच्या डिमरचं काम आहे. एका लाकडी खोक्यात सॉकेट आणि गोल फिरणारा डिमर बसवून दिला. पंख्याचा खटके-खटके वाला रेग्युलेटर घेऊ नका म्हणून बजावलं, तो पंख्यासाठीच असतो. आता अर्ध्याच्या जरासं खाली ठेवलं की ठसा तासभर एकाच आचेवर राहतो. निदान दुपारी राहतो. संध्याकाळी सगळ्या गावाचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज १८० वर येतं, आणि ३० वॅटची गन १८ वॅटचीच होते. दुपारी जे माप बरोबर होतं त्यावर संध्याकाळी पान उठतच नाही. मी डिमरवर पेननं दोन खुणा केल्या आहेत, एक दुपारची, एक संध्याकाळची.

आणि कूलरचं सांगायचं राहिलं. मे महिना, बाहेर ४४-४५ अंश, आत कूलरशिवाय बसणं अशक्य. पण कूलर लावला की चमकीचे तुकडे घरभर उडतात. एक हिरवा तुकडा वरणात सापडला. शिवाय कूलरची दमट हवा कागदात शिरते. दमट कागदावर गरम ठसा टेकवला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि चमकीला बारीक बारीक फोड येतात. हे मला दोन पानं वाया गेल्यावर कळलं. म्हणून कूलर बंद, पंखा बंद, दार लोटलेलं, हातात तापलेलं पितळ. आई म्हणाली, "माय व, उन्हात जाऊन बस, तिथं तरी हवा आहे."

ठसे बदलणं हेही एक प्रकरण. गरम असताना आटे सैल होतात आणि ठसा हातात येतो, अक्षरशः. माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून चंद्रकोर आहे. पक्कडीनं काढा, पत्र्याच्या झाकणात ठेवा, आणि भाचा झोपल्यावरच हे काम करा.

कागद मी जाड तपकिरी पुठ्ठ्याचा घेतला, अडीचशे जीएसएम, त्यावर हिरवं तोरण वरच्या कडेला. पान-पान-पान, मधे एक लाल ठिपका, पुन्हा पान. खाली वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या, त्याखाली पाट. मधे मी काचेवर करून पाहिलं, काच आच ओढून घेते, ठसा अर्धा राहतो. दाबायचं सरळ, तिरपं नाही, मनात एक-दोन म्हणायचं आणि उचलायचं. मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड. चमकी गरम असताना सोलली तर अर्धी पट्टीबरोबर परत जाते. मी बाइंडिंगवाल्या काकांसारखा पंजा फिरवायला लागले.

तोरणानंतर झूल. आमची झूल आईनं जुन्या नऊवारीची शिवलेली होती, काठाला कवड्या. फोटोखाली एक आडवा पट्टा ठेवला आणि त्यावर चंद्रकोरी उलट्या-सुलट्या दाबून काठ केला. हे छान जमलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग शिंगं. इथे मी मोठी चूक केली. मला वाटलं, फोटोतल्या शिंगांवरच थेट सोनेरी ठसा देऊ. फोटोची नवी प्रत काढून आणली होती म्हणून बरं. टेकवला आणि सर्जाच्या कपाळावर फुगा आला. स्टुडिओतल्या फोटोच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो शंभर-सव्वाशेलाच मऊ होतो. ठसा उचलला तर शिंग, कान आणि बाशिंगाचा अर्धा तुकडा पितळेला लोंबकळत वर आला. मला एकदम रडू आलं. फोटोचीच प्रत होती, बैल नव्हता, तरी आलं.

मग शिंगं वेगळी कापली. पातळ पुठ्ठ्यावर फोटोवरून काढून घेतली, बाहेर चमकी दाबली, थंड झाल्यावर फोटोवर चिकटवली. आमच्या सर्जा-ढवळ्याची शिंगं आखूडच होती. गवळाऊ जात, आर्वी-कारंजा-आष्टी भागातली, पांढरी, अंगानं हलकी, चालीला तेज. हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्र आहे ते याच जातीचं. लांब शिंगांचे बैल बघितलेल्यांना आमची जोडी जरा साधीच वाटायची, पण बंडीला जुंपली की मग बघा. शिंगं आखूड म्हणून बेगडही कमी लागायचं, बाबा एका तावात दोन्ही बैल उरकायचे. बुडाशी लाल, मधे हिरवं, टोकाला सोनेरी. मी तोच क्रम ठेवला. प्रत्येक शिंगाला सपाट गोल ठसा एकाला एक लावून फिरवत नेला. ठशांच्या कडा एकमेकींवर चढतात तिथे बारीक रेघ दिसते. ती मी काढायचा प्रयत्न केला नाही, खऱ्या बेगडाला पण सुरकुत्या पडतातच.

राहिलं नाव. पानावर मोठ्या अक्षरांत 'पोळा' पाहिजे होतं. अक्षरांचे ठसे मिळतात, पण सगळे इंग्रजी. सुईच्या टोकानं लिहून पाहिलं. शिरोरेघ सरळ येईना आणि 'ळ'ची गाठ प्रत्येक वेळी डबकं होऊन बसायची. तीन संध्याकाळी त्यात गेल्या.

सुटका झाली ती अपघातानं. ठसा तपासायला मी रद्दी कागद वापरत होते. एकदा हाताला सातबाऱ्याची झेरॉक्स लागली, पीककर्जाच्या वेळी जास्त काढलेली. त्यावर सपाट ठसा दाबला, आच कमी होती, कोऱ्या कागदावर काहीच उठलं नाही. पण चमकी सोलली तर भोगवटादाराच्या रकान्यातलं बाबांचं नाव सोन्याचं झालेलं! गोल ठशाखाली जेवढी अक्षरं आली तेवढीच, काना-मात्रा सकट, कडा अशा की बाइंडिंगवाल्या काकांनी मान डोलवावी. बाजूचा कागद स्वच्छ.

मग लक्षात आलं. झेरॉक्सची काळी पूड म्हणजे प्लॅस्टिकचीच पूड, मशीनमध्ये तापवून कागदावर बसवलेली. ती पुन्हा तापली की पुन्हा मऊ होते आणि चमकी धरून ठेवते. कागद धरत नाही, अक्षर धरतं.

बाबांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडात तिरपा केला. "सातबारा कोरा करा म्हणून मोर्चे काढले आमी," ते म्हणाले, "अन् तू सोन्याचा करून ठेवला."

आईनं ते कात्रण देवघरात ठेवलंय. का ते तिला विचारायची माझी हिंमत नाही.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन 'पोळा २०१७' मोठ्या जाड अक्षरांत काढून आणलं. शाईच्या प्रिंटरवर काढू नका, त्यात पूड नसते, काही चिकटत नाही. त्यावर सोनेरी चमकी, वर बटर पेपर, आणि ठसे-बिसे बाजूला ठेवून सरळ कपड्यांची इस्त्री फिरवली, सुती कपड्यांच्या जरा खाली ठेवून. इस्त्री तर माझ्या हातातलीच. थंड होऊ दिलं, सोललं. शिरोरेघ एक सलग सोनेरी दोरी. तीन संध्याकाळी ज्याला झटत होते ते पाच मिनिटांत.

नावाखाली झडती लिहायची का यावर घरात दोन मतं पडली. आमच्याकडे तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात, एकानं सुरू करायची, सगळ्यांनी शेवटी हर हर महादेव. बाबांना म्हटलं एक सांगा, तर त्यांनी ज्या सांगितल्या त्या सहा वर्षांच्या पोराच्या वहीत चिकटवण्यासारख्या नव्हत्या. म्हणून त्याऐवजी आदल्या दिवशीचं बोलणं लिहिलं, खांदशेकणीचं. पळसाच्या पानानं हळद-तूप लावून खांदे शेकायचे आणि बैलाच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. ते पेननं लिहिलं. सगळंच चमकवलं तर डोळे दुखतात.

पान पूर्ण झालं त्या संध्याकाळी लाईट गेली होती. टॉर्चच्या उजेडात सगळ्यांनी पाहिलं. भाचा म्हणाला, शिंगं सोन्याची होती? बाबा म्हणाले, एक दिवसापुरती. मग पान मांडीवर घेऊन बसले. तोरणावर बोट फिरवलं, ढवळ्याच्या शिंगावर फिरवलं. झुलीचे गोंडे लाल होते, तू निळे केले, हे सांगून झालं. मग सर्जावर येऊन थांबले.

"याचा डाग कुठं आहे?"

मी म्हटलं, फोटोत दिसत नाही बाबा.

"कसा दिसन? तो त्या अंगाले होता, भिंतीकडं."

लाईट आली तेव्हा त्यांनी गन मागितली. मी ठिपक्याचा ठसा लावून दिला, चमकी काढायला लागले तर नको म्हणाले. डिमर पूर्ण फिरवायला लावला. डाव्या हाताचं बोट सर्जाच्या पुठ्ठ्यावर ठेवलं, अंगठा मागून बरोबर त्याच्यासमोर, आणि पान तसंच चिमटीत धरून उलटं केलं. मागचा कोरा तपकिरी पुठ्ठा वर आला. अंगठा होता तिथे त्यांनी ठसा टेकवला. मी एक-दोन मोजत होते. त्यांनी तीनपर्यंत धरला.